गीतांजली शनिवारी अकोटला कावून जाते

शेषरावांच्या गीतांजलीचं अकोटात काहीतरी आहे, ही बातमी वलगावात पहिल्यांदा शकुनने फोडली. शकुन एस.टी. स्टँडसमोर मुरमुरे-फुटाणे विकते आणि पुडीबरोबर गावाची खबर फुकट देते. तिचं म्हणणं असं, की पोरगी दर शनिवारी सकाळच्या अकोट गाडीत एकटीच बसते आणि दिवेलागणीला परत उतरते. नोकरी सुटलेली, लग्नाची बोलणी चाललेली, मग अकोटला हिचं काय काम? पुढच्या बाजारापर्यंत बातमीला पाय फुटले. माणूस लग्न झालेला आहे, असं कळलं. तेल्हाऱ्याकडचा आहे, असं कळलं. आणि शेवटी जे कळलं, त्यानं बायांचे पदर तोंडाला गेले. म्हणे त्याच्या बायकोलाही सगळं ठाऊक आहे. तीच हिला बसायला खुर्ची देते आणि चहा करून पाजते.

आता गावाला लफडं पचतं. लफड्याला चहा पाजणारी बायको काही पचत नाही. त्यामुळे ही बातमी वलगावाला अख्खा हिवाळाभर चघळायला पुरली. खरं काय ते सांगतो, पण आधी पोरगी कोण ते ऐका.

शेषराव फुलवाले. पेढी नदीच्या अंगाला त्यांचं शेत. झेंडू, शेवंती, निशिगंध. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की यालाच लाज वाटते. घर चालवते पार्बताबाई, आणि तिच्या हुकमाबाहेर त्या घरात पाकळी हलत नाही. या दोघांची ही थोरली लेक. गोरीगोमटी नाही, बोलायला गोड तर त्याहून नाही. एक गोष्ट तिच्यात जन्मापासून: वाट पाहणं जमत नाही. चहा बशीत ओतून फुंकायचा धीर नाही, जीभ पोळून घेईल. गाडी स्टँडवर लागायच्या आधी दारात येऊन उभी राहील, आणि कंडक्टरची बोलणी खाईल. पार्बताबाई म्हणायची, "हे पोट्टी पोटातही पुरे दिवस थांबली नाही." ते खरंच होतं. पोरगी अपुऱ्या दिवसांची.

अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. रोजची येजा, डब्यात भाकर आणि ठेचा. बरोबरीच्या पोरी पुण्याला गेल्या. हिला तिथंच एमआयडीसीत उत्तमरावांकडे नोकरी लागली. उत्तमरावांचा धंदा जिनिंगवाल्यांना पॅनेल बनवून द्यायचा. कापसातून सरकी काढून झाली की रुई मोठ्या प्रेसमध्ये घालून तिची गाठ बांधतात. ते प्रेस केव्हा दाबायचं, केव्हा सोडायचं, दार केव्हा उघडायचं, कोणता दिवा केव्हा लावायचा, हे सगळं भिंतीवरच्या पॅनेलला ठाऊक असावं लागतं. गीतांजली त्या पॅनेलचं सॉफ्टवेअर लिहायची.

गावात लोक समजत, की ती दिवसभर एसीत बसून बटणं दाबते. मला तिनं एकदा पारावर बसून समजावलं होतं. माणसानं लिहिलेलं यंत्राला कळत नाही, म्हणाली. ते यंत्राच्या भाषेत उतरवावं लागतं, एकेक फाईल करून. त्याला कंपाईल करणं म्हणतात. सगळ्या फायली उतरवून, जोडून जे तयार होतं, ते पॅनेलच्या पोटात जातं. उत्तमरावांचं गिऱ्हाईक प्रत्येक वेगळं, त्यामुळे हे काम दर वेळी पहिल्यापासून करायचं. सकाळी लावलं की जेवणं होईस्तोवर चालायचं. ऑफिसातल्या पोरांना ते सोन्यासारखं वाटे. कंपाईल चालू आहे असं म्हणायचं आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत टपरीवर जाऊन उभं राहायचं. उत्तमराव काही बोलू शकत नसत. गीतांजलीचा मात्र जीव जायचा. पडद्यावर एकामागून एक ओळ सरकते आहे आणि आपण नुसतं बघत बसायचं.

तिनं शोधून काढलं, की नवा घेतलेला कॉम्प्युटर आतून रिकामाच बसला आहे. त्यात काम करणारे पुष्कळ, पण राबतो एक आणि बाकीचे लग्नातल्या सोयऱ्यांसारखे लोडाला टेकून. सगळ्यांना एकदम कामाला लावायची सोय आधीपासून होती. हुकूम कोणी दिला नव्हता. तिनं दिला.

हे तिला दुसऱ्या कुणाआधी सुचलं त्याचं मला नवल नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेषरावांच्या अंगणात जाऊन बघा. एक तोडतो, एक देठ खुडतो, एक निवडतो, तिघी-चौघी ओवतात, सगळं एकदम. एकट्यानं केलं तर दसरा उलटून जाईल. पण त्या अंगणात मधोमध पार्बताबाई बसलेली असते. धुतलेली फुलं पंख्याखाली सुकल्याशिवाय ओवायची नाहीत, नाहीतर हार बाजारात पोहोचेस्तोवर काळा पडतो. हे कुठं लिहिलेलं नाही. ओल्या ढिगाकडे कुणाचा हात गेला की पार्बताबाई त्यावर फटका मारते, एवढाच तो नियम. गीतांजलीनं घरची रीत ऑफिसात नेली खरी, पण कॉम्प्युटरमध्ये पार्बताबाई नव्हती.

तिथं नियम असा, की कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे ते लिहून सांगायचं. सांगितलं तर ती थांबते. नाही सांगितलं तर थांबत नाही. पॅनेलमध्ये एक फाईल मर्यादांची होती. गिऱ्हाइकाचं प्रेस बघून ती दर वेळी नव्यानं तयार व्हायची. दाराची फाईल तिच्यातला आकडा वाचायची: दाब सोडल्यावर आतला, रुई दाबणारा लोखंडी पाट पूर्ण थांबायला किती वेळ लागतो, आणि तोवर दाराचं कुलूप सोडायचं नाही, हिरवा दिवा लावायचा नाही. दारानं मर्यादांची वाट पाहायची, हे गीतांजलीच्या आधीच्या माणसानं लिहिलंच नव्हतं. गरजही पडली नव्हती. कामं एकामागून एक होत आणि मर्यादांचा नंबर सगळ्यांच्या आधी लागे. आता सगळे एकदम उठले. दाराची फाईल कधीकधी नव्या मर्यादा तयार होण्याआधीच पुढे जायची, आणि गेल्या गिऱ्हाइकाचा आकडा तिथं पडलेला असायचा, तो उचलून चालू लागायची. चूक म्हणून काही दिसायचं नाही. काम नीट झालं, असंच पडद्यावर यायचं.

पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की अर्ध्या दिवसाचं काम चहा निवायच्या आत होतं. उत्तमरावांनी ऑफिसात पेढे वाटले. "या पोरीनं आपली दुपार परत आणली," असं सगळ्यांसमोर म्हणाले. टपरीवर जाणारी पोरं तिच्यावर जळफळली. शेषरावांनी मला रस्त्यात थांबवून दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्यांना नेमकं काय झालं ते सांगता आलं नाही. तेव्हाच अकोल्याचं स्थळही आलं, मुलगा बँकेत. पार्बताबाईनं शेवंतीचा एक वाफा मांडवासाठी राखून ठेवला.

पुढच्या हंगामाला अकोटच्या एका जिनिंगमध्ये नवं प्रेस बसलं. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठं, पाट जड, थांबायला जास्त वेळ घेणारं. आकडा वाढवायचा होता. गीतांजलीनं वाढवला, सॉफ्टवेअर तयार केलं, मर्यादांची फाईल उघडून पाहिली. आकडा बरोबर होता. पॅनेल टेबलावर लावून बटणं दाबली. दिवे लागले, विझले. ऑफिसात काही प्रेस नव्हतं, की दिवा आणि पाट शेजारी ठेवून बघता येईल. पॅनेल अकोटला गेलं.

त्या प्रेसवर श्याम होता. तेल्हाऱ्याकडचा, पोटासाठी अकोटात येऊन राहिलेला. बायको आचल आणि एक लहान पोरगी, जिनिंगच्या मागच्या खोल्यांत बिऱ्हाड. गाठीभोवतीचं कापड एका कोपऱ्याला दुमडलं होतं. त्यानं दिवा पाहिला, दार उघडलं, कापड सारखं करायला उजवा हात आत घातला. आतला पाट अजून थांबला नव्हता. हात कोपराखालून गेला.

जिनिंगमध्ये लोक घाईपायी दाराच्या कुलुपाला तार बांधून ठेवतात, म्हणजे दिव्याची वाट न पाहता दार उघडतं. ही जुनी खोड आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मॅनेजर शालिकरामनं पहिल्या तासातच ठरवलं, की श्यामनं तार बांधली होती. तोंडात खर्रा होता, लक्ष नव्हतं, हेही जोडलं गेलं. श्याम दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता, की तार नव्हती आणि दिवा हिरवा होता. सोबतच्या लोकांनी दिव्याकडे पाहिलं नव्हतं. नोकरी कुणाला नको असते. त्यांनी तारेचंही काही सांगितलं नाही. शेवटी आचलसुद्धा म्हणाली, की एकडाव कबूल करून टाका, म्हणजे निदान मालक दया तरी करतील. तेव्हापासून श्याम बायकोशी बोलेनासा झाला.

उत्तमराव अकोटला जाऊन आले. पॅनेल ठीक आहे, आकडा फाईलमध्ये बरोबर आहे, म्हणाले. गीतांजलीनं पुन्हा फाईल उघडली. बरोबरच होता. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात उत्तमराव सहज बोलून गेले, की तो माणूस अजून दिवा हिरवाच होता म्हणून सांगून राहिला.

ते तिच्या डोक्यातून जाईना. तिनं फाईल बाजूला ठेवली आणि पॅनेलच्या पोटात जे गेलं होतं ते उघडून वाचलं. तिथं जुना आकडा होता.

तिनं पुन्हा कंपाईल केलं, आकडा नवा आला. पुन्हा केलं, नवा. पुन्हा केलं, जुना. मग ती उठून बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धूत बराच वेळ उभी राहिली. हे तिच्या सोबतच्या पोरांनी पाहिलं. त्यांना वाटलं, हिला दिवस गेले. लोकांच्या मनाची धाव कुठवर असते बघा.

उत्तमरावांना तिनं दाखवायला घेतलं, तर आकडा नवाच येत राहिला. ही चूक अशीच. बोलावल्यावर येत नाही. उत्तमराव म्हणाले, तुझं मन तुलेच खाऊन राहिलं, बेटा, घरी जा. ती गेली नाही. जेवणानंतर पुन्हा लावलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जुना आकडा आला. ते खुर्चीत मागे टेकले. वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणतो. पण त्यांच्या कारखान्यावर किती घरं चालतात ते त्यांना त्या घटकेला आठवलं.

"हे सगळ्या पॅनेलमधी बदलून टाक," ते म्हणाले. "नवं व्हर्जन म्हणून. कोनाले काही सांगायचं काम नाही. सांगून त्याचा हात येते का?"

तिनं बदललं. दारानं मर्यादांसाठी थांबावं, असं सांगणारी एक ओळ. तेवढीच लागत होती. ती ओळ लिहून झाल्यावर पहिल्या शनिवारी गीतांजली अकोटला गेली.

आचलनं तिला खुर्ची दिली, कारण ती कंपनीची बाई होती. चहा केला. श्याम खाटेवर बसून होता, बाही पिन लावून वर दुमडलेली. पॅनेलवाल्या का, विचारलं, आणि मग म्हणाला, "ताई, तुमीच सांगा. तार नसन, त दिवा हिरवा झाल्याबिगर दार उघडते का?"

"नाही उघडत."

"मंग उघडलं कसं?"

गीतांजलीनं चहा संपवला. त्या दिवशी तिनं फुंकून फुंकून प्यायला, म्हणजे तोंड कपात राहील. मग गाडीची वेळ झाली म्हणाली आणि उठली. शकुनच्या बातमीतली खुर्ची आणि चहा खरे आहेत, ते त्या दिवसापासूनचे.

तो आठवडा तिनं घरात कसा काढला ते शेषरावांनी मला सांगितलं. जेवली नाही, असं नाही. ओवायला बसायची आणि ओल्या ढिगातली फुलं ओवत जायची, आणि पार्बताबाईनं हातावर मारलं तरी तिला कळायचं नाही. अकोल्याच्या मुलाचे फोन येत, घेत नव्हती. पार्बताबाईला वाटलं, स्थळ पसंत नाही.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. या वेळी खुर्चीवर बसली नाही.

"दिवा हिरवाच होता, दादा," ती म्हणाली. "तुमची चूक नोती. सॉफ्टवेअर माझं आहे. मी ते लवकर व्हावं म्हनून बदललं, आन् त्याच्यात हे झालं."

आचल चुलीपुढून उठून आली. "कवापासून माईत हाय तुमाले?" तिनं विचारलं.

"मागच्या शनिवारी आली होती, तवाही माईत होतं."

"मंग चहा कावून पिऊन गेल्या, बाई? मी या मानसाले खोटं पाडून राहिली होती. माह्या हातचा चहा पिऊन गेल्या तुमी."

श्याम खाटेवरून उठला. डाव्या हातानं चप्पल ओढली आणि म्हणाला, "चाला. हेच तितं बोला."

तिथं म्हणजे जिनिंगमध्ये. शालिकराम मॅनेजरसमोर, प्रेसवरची सगळी माणसं उभी असताना तिनं तेच पुन्हा सांगितलं. शालिकरामनं आधी तिला बसायला सांगितलं आणि मग उत्तमरावांना फोन लावला. ती गाडीत बसून वलगावला पोहोचायच्या आत तिची नोकरी गेली होती. तिच्या जागी घेतलेल्या मुलानं जुना-नवा आकडा दाखवायचा प्रयत्नही केला नाही. दाखवणार काय, ओळ तर तिनंच लिहून ठेवली होती, आता चूक कधीच येणार नव्हती. श्यामचं प्रकरण कामगार न्यायालयात आहे. तिथं कंपनीच्या वकिलाचं म्हणणं, की ही नोकरीवरून काढलेली बाई आहे, राग काढते आहे. तारखा पडत आहेत.

अकोल्याच्या लोकांनी नोकरी गेली म्हणून नाही, तर शकुनची बातमी तिथवर पोहोचली म्हणून स्थळ मोडलं. शेवंतीचा वाफा पार्बताबाईनं बाजारात दिला. दुसऱ्या कुठल्या कंपनीनं गीतांजलीला घेतलं नाही. धंद्यातल्या लोकांत उत्तमरावांचा शब्द चालतो. ती आता घरी हार ओवते. हात चालतो, पण पूर्वीची घाई नाही. चहाही थंड करून पिते.

एकदा पार्बताबाईनं तिला समोर बसवून विचारलं. शेषराव दारात होते, त्यांनी ऐकलं.

"आहे कोन तो? लग्न झालेला आहे म्हन्तात."

"कोनी नाही, माय."

"असला त सांग. मी तुह्या बापाले समजावतो. कोनी असलेलं बरं राह्यते वो, कोनी नसल्यापेक्षा."

गीतांजलीनं सांगितलं नाही. घरी एवढंच माहीत होतं, की उत्तमरावांशी वाजलं. माझ्यामुळे एका माणसाचा हात गेला, असं आईच्या तोंडावर म्हणण्यापेक्षा तिला गावाचं म्हणणं परवडलं. शेषरावांना पुढे अकोटच्या फूलबाजारातल्या कुणाकडून कळलं, त्यांनी मला सांगितलं, आणि पार्बताबाईला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मी ती अजून पाळली आहे, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. आता लिहितो आहे ते एवढ्याचसाठी, की परवा गीतांजलीनंच आईला सगळं सांगून टाकलं. पार्बताबाई उठून शेतात गेली आणि अंधार पडेस्तोवर आली नाही.

तर खरं असं आहे. अकोटात गीतांजलीचं कुणाशी काही नाही. शनिवारी जिनिंगमध्ये सफाई असते, आणि सफाईनंतर प्रेस एकदा रिकामं चालवून बघतात. तिनं सांगितल्या दिवसापासून तिथली माणसं, पॅनेलवाली बाई येऊन बघत नाही तोवर, त्या प्रेसमध्ये हात घालत नाहीत. म्हणून ती जाते. ज्याच्यासोबत ती जिनिंगच्या फाटकात लोकांना दिसते तो श्याम. तो तिला आत घेऊन जातो. ती प्रेसच्या दाराच्या फटीतून एक बांबू आतल्या पाटाला टेकवते, म्हणजे पाट हलतो ते बाहेरून कळतं, श्याम बटण दाबतो, आणि पाट पूर्ण थांबल्यावरच हिरवा दिवा लागतो की नाही, ते दोघं उभे राहून बघतात. मग आचल चहा देते, आणि ती गाडीनं परत येते.